शिवेची उंची

मु. मोहवाडी, पो. मेडशी
ता. ९ डिसेंबर १९४६

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. आधी गावाला पोचलं, मग मला. मेडशीहून टपाल आणणारा शिपाई ते वाटेत दोन ठिकाणी वाचून दाखवत आला आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "भाऊ, वाचाची गरज नाई. जगदेव इमानात बसला." अकरा वर्षांनी भावाला लिहिताना माणूस निदान पाकीट वापरतो. पण तू पहिल्यापासून सगळं उघड्यावर करणारा. भांडलास ते उघड्यावर, लग्न केलंस ते उघड्यावर, आता आकाशातून गेलास तेही कार्डावर.

बातमी वाचून बरं वाटलं, हे आधी लिहितो, कारण पुढे तसं काही लिहायला मिळेल असं दिसत नाही. इंजिनावर लक्ष ठेवायला मिस्त्री म्हणून कंपनीनं तुला जुहूहून नागपूरला सोबत नेलं, आगगाडीच्या वाटेनं पाचशेवर मैल होतात ते वरून सरळ गेल्यामुळे चारशेतीसच भरले आणि पुरते तीन तासही लागले नाहीत, हे मी तुझ्या वहिनीला, चतुराबाईला, दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन तासांत तं आपली सर्विस मोटर पातूरचा घाटबी उतरत नाई." खरं आहे. मोटर अजून कोळशाच्या धुरावर चालते आणि चढावर उतारू तिला ढकलतात. तिकीट मात्र बसण्याचं घेतात.

इथवर सगळं ठीक होतं. पण तू शेवटी एक ओळ लिहिलीस: "आपल्या गावावरूनच गेलो असेन, दादा."

माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "गावावरून म्हंजे शिवेतून?"

 शिपाई झोळी उचलून चालता झाला. मायनं सूप बाजूला सारलं, उठली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. दिवसाउजेडी निजलेली माय मी जन्मात पाहिली नव्हती.

तुला आठवण द्यायला नको. तरी लिहितो, कारण अकरा वर्षांत त्या दिवसाचे ज्याचे त्याचे निराळे पाठ झाले आहेत. माझा हा असा आहे. तू नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातून रतनसिंगाची हिरी बायको म्हणून घेऊन आलास. गाव जमलं होतं. मायनं तुम्हा दोघांना वेशीतही येऊ दिलं नाही. शिवेच्या धोंड्यापाशी उभी राहून मातीचं ढेकूळ उचललं आणि म्हणाली, "जगदेव, ह्या शिवेत पाय ठेवशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाहाशीन. माही आन हाये तुले." तू हिरीच्या डोक्यावरचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलंस आणि मागे वळलास.

तेव्हापासून तू आण पाळलीस. बाबा गेले तेव्हाही आला नाहीस. गाव म्हणालं, पोट्टं दगडाचं आहे. माय म्हणाली, "दगडाचं नाई. माह्या जिवाले भेते ते." 

मायची प्रकृती बरी आहे. काळजी नसावी.

तुझा
इंद्रभान

*

मु. मोहवाडी
ता. १७ डिसेंबर १९४६

चि. जगदेव यास आशीर्वाद.

मागच्या पत्रात मायची प्रकृती बरी म्हणून लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना ती समोर बसली होती. तिला अक्षर येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं. म्हणून तोंडाला शोभेल असं लिहिलं.

तिनं जेवण टाकलं आहे. ताक घेते, तेही चतुराबाई रडायला लागली म्हणजे. अंगात ताप नाही, खोकला नाही. वाशीमहून डॉक्टर आणला, त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि आजार काही नाही म्हणाला. माय म्हणाली, "त्याले काय समजते? आन मोडली माही." म्हणजे तू शिवेत आलास. आलास म्हणजे तिला मरायचं आहे. इतका सरळ हिशेब आहे, आणि सरळ हिशेबाशी वाद घालणं मला कधी जमलं नाही.

मी घातला मात्र. म्हटलं, "माय, आन पायाची होती. त्याचा पाय कुठी लागला? तो वरून गेला."

आपली प्रयागकाकू, बाबांची चुलत वहिनी, दाराशी तंबाखू मळत होती. ती म्हणाली, "अशी कशी वो भाऊ? दगडूच्या आंब्याची फांदी आपल्या बांधावर आली, तवा पंचायतीत तूच बोलला ना का बांध वर आभाळापर्यंत राह्यते? कैऱ्या आपल्या झाल्या. लोणचं तू खाल्लं. आता जगदेवच्या पारी शीव जमिनीपुरती काहून झाली?"

बोललो होतो खरा. मोठ्या ऐटीत बोललो होतो. अकोल्याच्या साप्ताहिकात मी पंधरवड्यातून एकदा लोकांच्या अकलेची टिंगल करतो. माझ्या अकलेचं हे फळ इतक्या वर्षांनी माझ्याच ओट्यावर पडेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यावर लिहिलं असतं.

मग दुसरा मार्ग काढला. मेडशीच्या शाळेतून हिंदुस्थानचा नकाशा आणला आणि मुंबईपासून नागपूरपर्यंत दोरा ताणून मायच्या खाटेवर धरला. दोरा अकोल्यावरून जातो असं दाखवायचं होतं. दोरा माझं ऐकेना. तो अकोल्याच्या खालून, नेमका आपल्या अंगावरून गेला. जाड दोरा होता, आपला अर्धा तालुका त्याखाली झाकला गेला. मी तो बोटानं थोडा वर सरकवला. माय म्हणाली, "सोड. मी पाह्यलं हाये त्या इमानाले. कापूस येचतानी रोज जाते, ह्या नाल्यावरून त्या पळसाकडे. त्या दिवशीबी मान वर करून पाह्यलं. तो आत हाये हे मात्र मले ठाऊक नव्हतं."

आता नीट वाच. ती मरणाला भीत नाही. बाबांच्या मागे जायला ती केव्हाची तयार आहे. तिची चिंता दुसरीच आहे. काल तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "मी मेली तं ते त्याच्या माथ्यावर जाईन. लोक म्हनतीन, आन मोडली अन् माय खाल्ली. तो सोताबी तेच म्हनन. मले मराच्या आंधी आन सोडाची हाये."

आण सोडायची रीत तुला ठाऊक आहे. जिनं घातली तिनं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं, ज्याच्यावर घातली त्यानं आपल्या कानानं ऐकून 'सुटली' म्हणून परतवायचं. पत्रात चालत नाही, निरोपात चालत नाही. मी सुचवून पाहिलं. प्रयागकाकूनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नही टपालानं लावा म्हणतो आहे.

तेव्हा ऐक. नाल्याच्या पलीकडे आपली शीव नाही. रतनसिंगाची जमीन तिथून सुरू होते. तू अकोल्याला उतर, मोटरनं मेडशीला ये, तिथून तांड्याच्या वाटेनं नाल्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहा. आम्ही मायची खाट अलीकडच्या काठावर आणतो. मधे हातभर पाणी आहे. ती म्हणेल, तू म्हण. हिरीलाही आण. मायनं तिचं नाव घेतलेलं नाही, पण नको असंही म्हणाली नाही.

उशीर करू नको. हे मी मायला वाचून दाखवणार नाही.

इंद्रभान

*

मु. मोहवाडी
ता. ३० डिसेंबर १९४६

जगदेव,

तुझं पत्र आलं. या वेळी पाकिटात, त्याबद्दल आभारी आहे.

तू येत नाहीस. कारणं दिली आहेस. रजा नाही, हे पहिलं. ते मी सोडून देतो, कारण तूही ते जोर करून लिहिलं नाहीस. दुसरं, इतक्या अशक्त म्हातारीला थंडीत नाल्यावर आणली आणि तिनं तुझ्यासमोरच डोळे मिटले, तर मेलेलं तोंड पाहिल्यासारखंच होईल. हे मला खोडता आलं नाही. तिसरं तू एका ओळीत लिहिलंस: "हिरीला मी त्या शिवेवर पुन्हा उभी करणार नाही. एकदा केली होती."

ती ओळ मी मायला वाचून दाखवली नाही. तिथे खोकला काढला.

पुढचं वाचलं. रविवारी तू पुन्हा विमानात आहेस, रोजच्याच वेळी वरून जाशील, मायनं वर पाहून म्हणावं, तू खिडकीशी बसून 'सुटली' म्हणशील. जगदेव, तू दोन इंजिनांच्या मधे बसणार, माय जमिनीवर, आणि मधे मैलभर हवा. पण हे लिहिताना तू थट्टा केली नाहीस हे अक्षरावरून कळत होतं, म्हणून मीही केली नाही.

माय लगेच उठून बसली. "रविवारी नेजो मले वावरात."

काल नेलं. खाटेला चार खांदे दिले: मी, दगडू, आणि दगडूचे दोन भाऊ. आंब्याचं भांडण त्यांनी त्या दिवसापुरतं मिटवलं. वाटेत कापूस वेचणाऱ्या बायांनी खाट पाहिली, पदर डोळ्यांना लावले, एकीनं सूर काढला. मायनं गोधडीतून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "मी हाये अजून! येचा तुमचा कापूस!" दगडूला हसू आवरेना आणि खाट डुचमळली. मला हसायला आलं नाही. तिचा तो हात मी पहिल्यांदा उजेडात पाहिला.

खाट बांधावर ठेवली. निम्मं गाव जमलं होतं. नाल्यापलीकडे तांड्यातलेही काही जण येऊन उभे राहिले. तुझा सासरा रतनसिंग त्यात होता, पागोटं बांधून.  

मग आवाज आला. आधी आवाजच, मग ते दिसलं. ऊन लागून चकाकत होतं आणि मायनं सांगितलं होतं तसंच चाललं होतं, नाल्याकडून पळसाकडे, कोणाकडे न पाहता. मायला दोघांनी धरून बसतं केलं. तिनं तोंड वर केलं आणि जेवढा होता तेवढा सगळा आवाज काढला. "जगदेवा! सुटली रे! आन सुटली माही!"

विमान गेलं. आम्ही सगळे माना वर करून उभे. उत्तर येईल अशी वाट पाहत, शिकलेला आणि बिनशिकलेला एकाच तोंडानं. पळसापलीकडे आवाज विरला.

माय म्हणाली, "आयकलं का त्यानं?"

मी म्हणालो, "हो माय. आयकलं."

"परतवलं?"

"परतवलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "इंद्रभान, लहानपनापासून तू खोटं बोलला का कान खाजवतं."

हात खाली घेतला. पण व्हायचं ते झालं होतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "घरी न्या."

तू आत होतास का, हे मी विचारत नाही. असशील. आण सुटली नाही एवढंच कळवतो. मुंबईहून आमच्या डोक्यावर यायला तुला दोन तास पुरतात. आमच्या डोक्यावरून आमच्यापर्यंत यायला किती लागतात ते तुझ्या कंपनीत कोणाला ठाऊक असेल तर विचारून ठेव.

रागावून लिहिलं आहे. खोडत नाही.

इंद्रभान

*

रतनसिंगाचं घर, तांडा
पो. मेडशी
ता. २ जानेवारी १९४७

चि. जगदेव यास अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून तू थांबला असशील. मीही लिहून थांबलो होतो. चुकलेला नाही.

वावरातून परत आणल्यावर माय दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. "तू खोकलला होता, तिथं काय लिवलं होतं?"

मी म्हणालो, "काई नाई."

"कान सोड अन् वाच."

मी पत्र काढलं आणि हिरीची ती ओळ वाचली. एकदाच. माय वर आढ्याकडे पाहत होती.   मग म्हणाली, "त्या दिवशी ऊन होतं. तिच्या पायात काई नव्हतं. धोंड्यापाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मी पाह्यलं होतं ते."

मी पत्राची घडी करून ते पाकिटात घातलं. 

"खाट उचला," ती म्हणाली.

"कुठी न्यायची?"

"नाल्यापल्याड."

प्रयागकाकू दारातून आत आली. "गोजरे, जाऊबाई, येडी झाली का तू? तांड्यात? कायले?"

माय म्हणाली, "आन त्याच्या पायाले घातली व्हती. माह्या पायाले कोनं घातली?"

  काकूनं, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितो, स्वतःच गोधडी गुंडाळायला घेतली आणि म्हणाली, "मंग लुगडं तं चांगलं नेस. सोयऱ्याच्या घरी चालली."

पुन्हा तेच चार खांदे. या वेळी गाव मागे आलं नाही. काही जणांनी दारं लावून घेतली, ती कोणी लावली ते मी ध्यानात ठेवलं आहे. नाल्यात उतरताना खाट खांद्यावरून हातांत घेतली, तेव्हा पाणी तिच्या चौकटीला लागलं. दगडू म्हणाला, "काकू, पाय भिजतीन." माय म्हणाली, "भिजू दे."

रतनसिंग अंगणात बैलाला वैरण टाकत होता. खाट पाहून त्याच्या हातची पेंढी तिथेच राहिली. खाट खाली ठेवली, तरी तो जागचा हलला नाही.

"काय आनलं हे, इंद्रभानभाऊ?"

"माय आहे."

"ते दिसून राह्यलं मले. माझ्या दारात कायले?"

 माय गोधडीतून बोलली. "रतनसिंग, तुही पोरगी माह्या शिवेवर उभी होती, मी तिले आत घेतलं नाई. आता मी तुह्या दारात आहो. तुले जे करावं वाटन ते कर."

रतनसिंगानं पागोटं काढलं, पुन्हा बांधलं. "अकरा साल," तो म्हणाला. "बाजारात लोक इचारत, पोरगी कुठी दिली? मी सांगत जाओ, मुंबईले. कोनाच्या घरी दिली, ते नाई सांगता येत होतं मले. तुमच्या गावानं जवाईबी दिला नाई, सोयराबी नाई. अन् आता खाट घेऊन आले. वा रे वा."

तो जे बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आम्ही चौघे खाटेभोवती उभे होतो. परत उचला असं तो म्हणाला असता तर आम्ही उचलली असती.

घरातून हिरीची आई, बेबीबाई, बाहेर आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. खाटेपाशी उकिडवी बसली आणि मायला म्हणाली, "पानी चालन का तुमाले आमच्या घरचं?"

मायनं ओठ ओले केले. "मले तहान लागली हाये बाई. तू आंधी पानी दे. बाकीचं मंग इचारजो."

बेबीबाई आत गेली. रतनसिंग खाटेच्या पायथ्याशी आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "धरा तिकून. उन्हात ठेवता काय म्हातारीले?" आणि आम्ही ती ओसरीत नेली.

पाणी ती दोन घोट प्यायली. संध्याकाळी बेबीबाईनं ज्वारीची आंबील केली, ती अर्धी वाटी घेतली. आज सकाळी अर्धी वाटी, आणि मीठ कमी आहे म्हणाली. ती बरी होईल असं तुला लिहीत नाही. डॉक्टर आता म्हणतो, फार दिवस उपाशी राहिली, शरीर थकलं. किती दिवस, ते तोही सांगत नाही. पण ती आता भिंतीकडे तोंड करत नाही. वाटेकडे करते.

आज दुपारी मला म्हणाली, "लिही." मी कागद घेतला. म्हटलं, सांग. तिनं विचार करून, एकेक शब्द मोजून सांगितलं, आणि मी तिच्याच भाषेत खाली उतरवतो आहे. लिहून झाल्यावर तिनं ते माझ्याकडून वाचून घेतलं. कान खाजवला नाही हेही पाहिलं.

मायचा निरोप:

"जगदेव, माय घरी नाई. शिवेत नाई. सुनेच्या माहेरी आली हाये. हिरीले घेऊन ये. ती पुढे राहीन, तू मांगे ये."

तुझा
इंद्रभान